कुटुंबाला एक मत

त्या दिवशी अलका पोंक्षे यांनी चहा केला, याचाच त्यांना पुढे दीड वर्ष राग होता. अपमान झाला तो झाला. पण अपमान झाल्यावर आपण निमूट उठलो, शाळेच्या हॉलमागच्या किचनमध्ये जाऊन मोठं पातेलं चढवलं, आलं किसलं, आणि ज्याने भर सभेत अपमान केला त्यालाच पहिला कप नेऊन दिला, हे काही केल्या त्यांच्या घशाखाली उतरेना. दुसऱ्याने केलेला अपमान माणूस एक वेळ विसरतो, स्वतःचा बावळटपणा विसरत नाही.

झालं होतं असं. मेडनहेडच्या थेम्सकाठ मराठी मंडळाची ती २००५ सालची वार्षिक सभा. अलकाबाईंचे यजमान, डॉक्टर शशिधर पोंक्षे, आदल्या ऑक्टोबरात गेले होते. वर्षभर समारंभाला जाऊ नये हा प्रघात अलकाबाईंना ठाऊक होता, पण मंडळ म्हणजे घरच अशी त्यांची समजूत. म्हणून त्या आल्या आणि मागच्या रांगेत बसल्या. नवी कार्यकारिणी निवडायला हात वर करायची वेळ आली, तेव्हा त्यांनीही हात वर केला. मंचावर अध्यक्ष डॉक्टर जयंत गुळवणी हात मोजत होते. मोजता मोजता ते अलकाबाईंपाशी थांबले आणि हसले.

गुळवण्यांचं हसू फार चांगलं होतं. मूळचे पुण्याचे, पोटाचे कन्सल्टंट, कितीतरी वर्षं मंडळाचे अध्यक्ष. पेशंटच्या घशात नळी घालतानाही जयंता असाच हसत असणार, असं शशिधर म्हणायचे.

"अलकावहिनी, हात खाली घेतलात तरी चालेल," गुळवणी म्हणाले. "म्हणजे जरा टेक्निकल बाब आहे. आपल्या कॉन्स्टिट्यूशनप्रमाणे कुटुंबाला एक मत, आणि ते फॅमिली हेडचं. मेंबरशिप शशिधरच्या नावावर होती. आता तो, यू नो. पण तुमचं मत आम्ही धरलेलंच आहे हो. आम्ही काय परके आहोत का?"

हॉलमध्ये बायका पुष्कळ होत्या, पण त्यांचे हात मांडीवरच होते. वर होते ते त्यांच्या नवऱ्यांचे. गंमत म्हणजे इतक्या वर्षांत अलकाबाईंनीही कधी हात वर केला नव्हता, शशिधर करायचे. ते मत दोघांचं आहे असं त्या समजून चालल्या होत्या. ते आपलं कधीच नव्हतं, हे हात वर केल्यावर कळलं.

मतमोजणी संपली, गुळवणी पुन्हा अध्यक्ष झाले, आणि टाळ्या थांबायच्या आत म्हणाले, "आता टी ब्रेक. वहिनी, तेवढा चहा?"

आणि त्या उठल्या.

अलकाबाई वेंगुर्ल्याच्या. सासर कुडाळजवळ. चौऱ्याहत्तर साली लग्न करून इंग्लंडात आल्या, कारण शशिधर इथे भूल देणारे डॉक्टर होते. शुद्धीवर आलेला पेशंट सर्जनचं नाव घेतो, भूल देणाऱ्याचं घेत नाही. शशिधरना त्याचं काही वाटायचं नाही. अलकाबाईंना वाटायचं. कोणी कधी शशिधरना पार्टीला बोलवायचं विसरलं, कोणी 'पोंक्षे' हे नाव मुद्दाम वाकडं उच्चारलं, ते सगळं त्यांच्या ध्यानात असे. डूख धरणं हा सापाचा अवगुण मानतात. अलकाबाई तो माणसाचा गुण मानत.

मुलगी वरदा शाळेत जायला लागली तशी त्यांनी कौन्सिलात नोकरी धरली, घरपट्टीच्या खात्यात. पुढे पोल टॅक्स आला. मोठ्या बंगल्यातल्या लॉर्डाला जेवढा कर, तेवढाच बसच्या कंडक्टरला. लोक खवळले. कुत्र्याला सुद्धा 'प्लीज' म्हणणारी सभ्य गोरी माणसं फोनवर अलकाबाईंच्या आईबापांचा उद्धार करत. अलकाबाई शांतपणे ऐकून घेत. त्यांना तेव्हाच कळलं होतं की इंग्रज माणूस पाऊस सोसतो, वाईट जेवण सोसतो, पण न विचारता लादलेली गोष्ट त्याला सोसत नाही. आपणही त्याच पाण्याचे झालो आहोत, हे मात्र कळलं नव्हतं.

सभेनंतर त्या उन्हाळाभर घरात बसल्या. वरदा क्रॉयडनला वकिली करायची. दर रविवारी फोन.

"आई, तू बाहेर जा ना कुठे. काहीतरी क्लास लाव. कौन्सिलचं लायब्ररीमध्ये असतात ना सगळे."

"आणि मंडळाचं काय?"

"सोडून दे ना तो मंडळ. धिस इज सो पेटी. एक मतासाठी एवढा काय?"

वरदाचं मराठी असंच, लिंग-वचनाला ती कधी फार विचारत नसे. अलकाबाईंनी तिला समजावायचं सोडून दिलं. ज्या मुलीला अठराव्या वर्षी मताचं कार्ड पोस्टाने घरी आलं, तिला हे काय कळणार.

क्लास मात्र लावला. त्यांना जायचं होतं जलरंगाला, पण तो भरलेला. फुलांच्या रचनेचाही भरलेला. जागा होती ती फक्त 'अमेरिका आपल्या हातून कशी गेली' या क्लासला, आणि ती का होती हे पहिल्या दिवशीच कळलं. चार म्हातारे, एक झोपाळू बाई, आणि शिकवणाऱ्या मिसेस बार्कर. मिसेस बार्कर शाळेतून रिटायर झालेल्या, आवाज खणखणीत, आणि दर वेळी बिस्किटांचा डबा आणणाऱ्या. 'आपल्या हातून' म्हणजे इंग्रजांच्या हातून. अलकाबाई मनात म्हणाल्या, गेली तर गेली, आम्हाला काय त्याचं. आणि बिस्कीट घेतलं.

तिसऱ्या तासाला त्या बिस्कीट घ्यायचं विसरल्या.

मिसेस बार्कर सांगत होत्या की अमेरिकेतल्या वसाहतींनी ओरड केली, आमच्यावर कर बसवता, पण तुमच्या पार्लमेंटात आमचा एकही माणूस नाही. त्यावर लंडनहून उत्तर गेलं की माणूस नसला म्हणून काय झालं? पार्लमेंट सगळ्यांचंच भलं बघतं. तुमचं मत आम्ही धरलेलंच आहे.

अगदी हेच शब्द त्यांनी वापरले असं नाही. त्यांनी त्याला एक भारदस्त इंग्रजी नाव सांगितलं आणि फळ्यावर लिहिलं. पण अलकाबाईंच्या कानांना जे ऐकू आलं ते मराठीतच, आणि गुळवण्यांच्या आवाजात. आम्ही काय परके आहोत का? त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लंडनचे ते विगवाले मंत्री कधीच मरून माती झाले होते, आणि त्यांचं दोनशे चाळीस वर्षांपूर्वीचं वाक्य मेडनहेडच्या शाळेत एक पुणेकर बोलला होता, हसून.

त्या दिवसापासून अलकाबाई त्या क्लासला धड्यासाठी जात नव्हत्या. हत्यारं घ्यायला जात होत्या.

वसाहतींनी आधी अर्ज केले होते, म्हणून अलकाबाईंनीही आधी अर्ज केला. अगदी गोड भाषेत. मंडळाच्या घटनेत बदल करून कुटुंबातल्या दोघांनाही मत द्यावं, निदान मागे राहिलेल्याला तरी द्यावं. गुळवण्यांचा फोन आला. आवाज लोण्याचा.

"वहिनी, आयडिया छान आहे. पण घटना बदलायचा प्रस्ताव मेंबरनेच आणावा लागतो. आणि तुम्ही, ॲज ऑफ नाऊ, मेंबर नाही आहात."

"मग मला मेंबर करून घ्या, जयंतराव."

"सिंगल मेंबरशिप फक्त स्टुडंट्सना आहे हो. आणि तिला मत नाही."

"म्हणजे मत मागायला आधी मत पाहिजे."

"तसं नाही हो वहिनी. तुम्ही फार मनाला लावून घेता. आपलं घरचंच आहे की सगळं."

घरचंच. या शब्दावर मंडळाचा सगळा डोलारा उभा होता. घरचंच कार्य म्हणून बायकांनी मोदक वळायचे, घरचंच म्हणून हॉल झाडायचा, घरचंच म्हणून चहा. आणि घरचंच म्हणून मत मागायचं नाही. मिसेस बार्करांनी पुढच्या आठवड्यात ओघात सांगितलं की पुढे वसाहतींचा शेवटचा विनंतीअर्ज राजाने हातात घ्यायलाही नकार दिला. अलकाबाईंना त्या राजाबद्दल जरा आदर वाटला. निदान तो फोन करून गोड बोलला नव्हता.

मग चहा आला. बोस्टनच्या बंदरात माणसांनी जहाजावरच्या चहाच्या पेट्या फोडून समुद्रात ओतल्या, ते सगळ्यांना माहीत असतं. अलकाबाईंना जास्त आवडल्या त्या कॅरोलायनातल्या पन्नासएक बायका. त्यांनी एकत्र जमून सह्या केल्या की हा चहा आम्ही पिणार नाही, इंग्रजी कापड अंगाला लावणार नाही. लंडनच्या चित्रकाराने त्यांची टवाळी करणारं चित्र काढलं, ते मिसेस बार्करांनी पडद्यावर दाखवलं. वेड्यावाकड्या तोंडाच्या बायका आणि टेबलाखाली मूल. म्हातारे हसले.

"आणि त्या बायकांना मत मिळालं का?" अलकाबाईंनी विचारलं.

मिसेस बार्करांनी चष्मा काढला. "देशभर मिळायला पुढे जवळजवळ दीडशे वर्षं लागली," त्या म्हणाल्या. "आणि त्यांच्या घरी राबणाऱ्या काळ्या बायकांना प्रत्यक्षात त्याहूनही जास्त."

म्हणजे तिथेही चहा बायकांनी सोडला आणि मत पुरुषांनी घेतलं. अलकाबाईंनी ठरवलं, आपल्याकडे तसं होऊ द्यायचं नाही.

त्यांनी मंडळातल्या बायकांना एकेक करून घरी बोलावलं. सगळ्यांत आधी मधुमतीला. मधुमती म्हणजे गुळवण्यांची बायको, अलकाबाईंची बरोबरीची, दोघींनी एकमेकींची बाळंतपणं काढलेली. मधुमती कमी बोलायची. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अलका, मी इतकी वर्षं अध्यक्षाची बायको आहे आणि मलाही मत नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं बघ."

दिवाळीच्या कार्यक्रमाला बायका नटूनथटून आल्या आणि पुढच्या रांगांत बसल्या. किचनकडे एकही फिरकली नाही. मध्यंतर झालं. पुरुष किचनमध्ये गेले, आणि चहाची पूड कुठल्या कपाटात असते यावर दोन हृदयविकार तज्ज्ञांत मतभेद झाला. अलकाबाईंना फार बरं वाटलं. तेवढ्यात गुळवणी माइकवर आले.

"आज अलकावहिनींनी बोस्टन टी पार्टी ठेवलेली दिसते," ते म्हणाले. "ज्यांना चहा हवा असेल त्यांनी कृपया हार्बरमध्ये उड्या माराव्यात."

हॉल हसला. पुरुष हसले ते ठीक. बायकाही हसल्या, तोंडाला पदर लावून. मधुमतीसुद्धा ओठात हसली. आणि जिथे हसू शिरलं तिथे लढाई संपली, हे अलकाबाईंना बसल्या जागी कळलं. नाताळच्या गेट-टुगेदरला दोघीतिघी 'मुलांसाठी फक्त' म्हणून किचनमध्ये गेल्या. जानेवारीपर्यंत सगळ्या गेल्या. सगळ्यांच्या आधी गेली होती मधुमती.

संक्रांतीच्या सुमारास तिचाच फोन आला. "अलका, तिळाच्या वड्या तुझ्यासारख्या कोणाला जमत नाहीत गं. करशील ना? मी येऊन घेऊन जाते."

वड्या हळदीकुंकवाला हव्या होत्या. हळदीकुंकवाचं बोलावणं मात्र तिच्या तोंडून निघालं नाही. ते निघणार नव्हतं, कारण शशिधर गेल्यापासून अलकाबाई त्या बोलावण्यात बसत नव्हत्या. हात चालत होते, कपाळ चालत नव्हतं.

"या वेळी घरात तीळ नाहीत," अलकाबाई म्हणाल्या. तिळाचा डबा समोर ओट्यावर होता. फोन ठेवून त्यांनी त्याचं झाकण घट्ट लावलं, आणि मग पुष्कळ वेळ रडल्या. शशिधरसाठी, आणि रागानेही. दोन्हीचे अश्रू सारखेच दिसतात म्हणून लोक फसतात.

त्या हिवाळ्यात त्यांचा नुसता राग राहिला नाही, त्याचं सूड घेण्यात रूपांतर झालं. आता मत मिळो न मिळो, जयंत गुळवणी ज्या मंचावरून हसला त्याच मंचावर तो तोंडघशी पडला पाहिजे, सगळ्यांसमोर, आणि त्याच्याच तोंडून. कसं, ते माहीत नव्हतं. क्लासमध्ये वसंतात स्वातंत्र्याचा जाहीरनामा आला. मिसेस बार्कर म्हणाल्या की लोकांना त्याच्या सुरुवातीच्या सुंदर ओळीच पाठ असतात, पण बाकी सगळा जाहीरनामा म्हणजे राजाने काय काय केलं याची तक्रार आहे. त्याने असं केलं. त्याने तसं केलं. एकामागून एक.

अलकाबाई खुर्चीत सरळ बसल्या. सुंदर ओळी अमेरिकनांना लखलाभ. त्या तक्रारींचा ठेका त्यांच्या ओळखीचा होता. हे तर गाऱ्हाणं.

कोकणात देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. एक जण देवाला मोठ्याने सांगतो, आमचं असं झालं रे महाराजा, त्याचं तसं कर रे महाराजा, आणि दर वाक्याला जमलेला सगळा गाव एका आवाजात म्हणतो, 'व्हय महाराजा'. मंडळाच्या गणपतीत हे गाऱ्हाणं शशिधर घालायचे. सौम्य, हळू बोलणारा तो भूलतज्ज्ञ तेवढ्या वेळापुरता कुडाळचा मानकरी गावकार व्हायचा, आणि पुण्या-मुंबईची, नागपूरची, इथेच जन्मलेली सगळी मंडळी घसा ताणून 'व्हय महाराजा' म्हणायची. अर्थ कोणाला कळो न कळो, त्या आरोळीची सगळ्यांना मजा वाटे. शशिधर गेल्यानंतरच्या पहिल्या गणपतीत गाऱ्हाणं झालंच नाही, आणि पोरंटोरं हिरमुसली होती.

त्यामुळे २००६च्या उन्हाळ्यात गुळवण्यांचा फोन आला तेव्हा अलकाबाईंना फारसं आश्चर्य वाटलं नाही.

"वहिनी, या वर्षी गणपतीला मेयर येतायत. गाऱ्हाणं झालंच पाहिजे. शशिधरचं तुम्हाला पाठ असेल ना?"

"आहे. मी म्हणते."

"नाही, म्हणजे तुमच्याकडे बायका गाऱ्हाणं घालत नाहीत ना सहसा? शिवाय," आणि तिथे ते थांबले.

शिवाय. अलकाबाई त्या शब्दापुढचं वाक्य मनातल्या मनात पुरं करू शकत होत्या. मंगल प्रसंग आहे, मेयर आहेत, आणि तुम्ही अशा. गुळवण्यांनी ते उच्चारलं नाही इतके ते सभ्य होते. अलकाबाईंनी त्या सभ्यपणासकट तो शब्द गाठीला बांधला.

"मग कोण म्हणणार?" त्यांनी विचारलं.

"मीच म्हणतो. तुम्ही मला शिकवा. कॉलेजात नाटकं केली आहेत हो आम्ही, भाषा पटकन उचलतो."

"शिकवते की," अलकाबाई म्हणाल्या. "घरचंच कार्य."

त्यांनी शिकवलं. गुळवण्यांच्या घरामागच्या काचेच्या कंझर्व्हेटरीत बसून, मन लावून शिकवलं. गुळवण्यांना मालवणी येत नव्हतं, पण येतं असं वाटत होतं, आणि पुणेकराच्या बाबतीत हे जास्त धोक्याचं. शब्दाचा अर्थ ते विचारत नसत, नुसता हेल घटवत. अर्धं गाऱ्हाणं त्यांना पाठ झालं. मग त्यांचा क्लिनिकचा व्याप आला, कॉन्फरन्स आली. कागद हातात धरणं त्यांना कमीपणाचं वाटे.

"पहिलं मी म्हणेन दणक्यात, पुढचं तुम्ही मागून प्रॉम्प्ट करा," ते म्हणाले. "प्रॉम्प्टर चांगला असला की नट अडत नाही. आम्ही तर अख्खा तिसरा अंक प्रॉम्प्टरवर काढलाय."

हौशी नटाचा प्रॉम्प्टरवर जसा विश्वास असतो तसा बायकोवरही नसतो. विंगेतून शब्द आला की तो उचलायचा आणि फेकायचा, विचार करायचा नाही. त्या रात्री घरी आल्यावर अलकाबाईंनी शशिधरच्या फोटोपुढे उभं राहून आपलं गाऱ्हाणं जुळवलं. शशिधर असते तर म्हणाले असते, सोड गं अलके. ते नव्हते, हाच तर मुद्दा होता.

चतुर्थीचा दिवस बँक हॉलिडेच्या वीकेंडला आला होता. हॉल गच्च भरला. गणपतीसमोर नारळ. पहिल्या रांगेत गळ्यात साखळी घातलेले मेयर, त्यांच्या शेजारी नऊवारी नेसलेली मधुमती. गुळवणी सोवळं नेसून, खांद्यावर उपरणं टाकून माइकपुढे उभे राहिले. अलकाबाई त्यांच्या मागे मखराच्या आडोशाला, पांढऱ्या साडीत. इतके दिवस त्या रंगीत नेसत होत्या. आज मुद्दाम पांढरी नेसल्या.

"बा देवा गणपती महाराजा," गुळवण्यांनी आवाज लावला.

"व्हय महाराजा!" हॉल दणाणला. मेयर दचकले आणि मग खूश झाले.

"आज जी काय ही तुझी लेकरां आपलो मुलूख सोडून सात समुद्रापलीकडे येवन ऱ्हवली हत..."

"व्हय महाराजा!"

"त्येंनी तुझी जी काय वेडीवाकडी सेवा केली, ती गोड मानून घे रे महाराजा."

"व्हय महाराजा!"

इथे गुळवण्यांचं पाठांतर संपलं. त्यांनी मान किंचित मागे केली. अलकाबाईंनी शब्द दिला, हळू, स्पष्ट, शशिधरच्या हेलात.

"जो कोण घरचांच म्हणान दुसऱ्याक राबवन घेता..." गुळवणी म्हणाले.

"व्हय महाराजा!"

"आनि तेचो हक्क मात्र आपल्या खिशात घालता..."

"व्हय महाराजा!"

मधल्या रांगांत कोकणातली दोनतीन घरं होती. त्यांच्यात खसखस पिकली. गुळवण्यांना वाटलं, आपला हेल जमतोय. त्यांनी छाती आणखी पुढे काढली.

"घोव मेलो म्हणान..." ते गरजले.

"व्हय महाराजा!"

"बायलेचां मतय मेलां असां जो सांगता..."

घोव म्हणजे नवरा हे गुळवण्यांना कळलं नसेल, पण मत हा शब्द मालवणीतही मतच असतो. तो त्यांच्या तोंडातून निघाला आणि मग कानात शिरला. गुळवणी थांबले. पण हॉल थांबणार नव्हता, हॉलला सवय होती. "व्हय महाराजा!" लोक ओरडले, आणि ओरडून झाल्यावर त्यांनाही कळलं. एका रांगेतून दुसऱ्या रांगेत ती कुजबुज गेली. मेयर हसऱ्या चेहऱ्याने पुढच्या वाक्याची वाट बघत होते.

गुळवण्यांनी मागे वळून पाहिलं. त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. त्यासाठी अलकाबाई दीड वर्ष थांबल्या होत्या, आणि त्यांनी ते डोळे भरून पाहिलं.

"म्हणा ना, जयंतराव," त्या म्हणाल्या. "गाऱ्हाणं अर्ध्यात सोडत नाहीत."

त्यांच्याने म्हणवेना. तेव्हा अलकाबाई मखराआडून पुढे आल्या आणि त्यांनी माइक हातात घेतला. पांढऱ्या साडीतली विधवा, मंगल प्रसंगी, गणपतीच्या समोर. कोणी त्यांना अडवलं नाही.

"तेका तुझ्या दारात सगळ्यांसमोर उभो कर रे महाराजा," त्या म्हणाल्या.

या वेळी आवाज अर्धाच आला. पुरुष मूग गिळून बसले होते. बायकांचा आवाज आला, बिचकत, पण आला.

"आनि ह्या मांडवात जी जी बाय राबता, तिका तिचां मत गावांदे रे महाराजा."

"व्हय महाराजा!"

सगळ्यांत मोठ्याने ओरडली ती पहिल्या रांगेतली मधुमती. तिचा आवाज इतका मोठा आहे हे तिच्या नवऱ्याला बहुधा त्या दिवशी समजलं. मागोमाग हॉलमधली प्रत्येक बाई ओरडली, किचनमध्ये मोदक काढत असलेल्यासुद्धा बाहेर येऊन ओरडल्या, आणि मग न राहवून पुरुषांनीही सूर मिळवला. मेयरांनी टाळ्या वाजवल्या.

अलकाबाईंनी माइक खाली केला.

गाऱ्हाण्याचा शेवट ठरलेला असतो. काही चुकलंमाकलं असेल तर पदरात घे, असं देवाला सांगायचं, आणि मगच नारळ फोडायचा. ते झाल्याशिवाय गाऱ्हाणं पुरं होत नाही, हे मंडळात आता पोरांनाही ठाऊक होतं. सगळे थांबून राहिले. गुळवणी हात जोडून उभे होते.

"वहिनी," ते हळूच म्हणाले, "शेवटचं राहिलं."

"ते तुम्ही म्हणायचं आहे," अलकाबाई म्हणाल्या, आणि माइक त्यांच्या हातात दिला.

गुळवण्यांनी मधुमतीकडे पाहिलं. ती त्यांच्याकडेच बघत होती. त्यांनी गणपतीकडे पाहिलं. मग हेल नाही की दणका नाही, साध्या मराठीत म्हणाले, "काही चुकलं असेल तर पदरात घे, महाराजा."

"व्हय महाराजा," सगळा हॉल म्हणाला.

अलकाबाई म्हणाल्या नाहीत.